जावईबापूंचा डेमो

नागनाथ : परत एकदा सांग. मी नीट ऐकलो नाही.

आसावरी : ऐकलंयस तू. ठरल्याप्रमाणे आज दुपारच्या टाऊनहॉलमध्ये, सगळ्या कंपनीच्या सभेत, डेमो तुझ्या टीमचा. सगळं बेंगळुरू ऑफिस समोर असेल, अमेरिकेतले लोक स्क्रीनवर असतील. होसकोट्याच्या नव्या कारखान्यातल्या कामगारांना ने-आण करणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक एआयकडून करून घ्यायचं. तू फक्त बोलायचं, कोड त्यानं लिहायचा.

नागनाथ : ते ऐकलो. त्याच्या पुढचं सांग.

आसावरी : पुढचं म्हणजे... डेमोनंतर टीम लहान होणार. सहाची तीन.

नागनाथ : हां. आता आलं ऐकू. तीन माणसं घरी. आणि हे तू मला मराठीत सांगतीस.

आसावरी : मग काय करू? काचेच्या खोलीत बसलोय. दार कुणीही उघडतं.

नागनाथ : तेच म्हणतोय की. कौतुक करायचं असलं की तू इंग्लिशमध्ये करतीस, चार लोकांत. अभिजीतला काढायचं होतं तेव्हापण मला इथंच बसवलीस आणि मराठीत सुरू केलीस. बाहेरच्यांना वाटलं आपण गणपतीच्या वर्गणीचं बोलतोय. कुणाकुणाची नावं आहेत?

आसावरी : गुंडो, मंजुनाथ आणि कस्तुरी. तू, देवाप्पा आणि कावेरी राहणार.

नागनाथ : गुंडोनं आत्ता देवनहळ्ळीला घर घेतलंय. पायरीवर नारळ फोडताना आपण दोघं होतो तिथं. तू पेढा खाल्लीस.

आसावरी : हे मी ठरवलेलं नाही. वर चंद्रकांत सरांनी एआय कोण किती वापरतं त्याचा डॅशबोर्ड बघितला. तुझ्या टीमचा नव्वद टक्के कोड एआय लिहितंय. अख्ख्या मजल्यावर पहिला नंबर. मग त्यांनी सरळ विचारलं, लिहायचं काम ते करतंय तर ही सहा माणसं काय करतात? मी काय सांगणार होते?

नागनाथ : खरं सांगायचं होतीस.

आसावरी : कुठलं खरं?

नागनाथ : वेड पांघरू नको. तो आकडा खोटा आहे. आम्ही कोड हातानं लिहितो. लिहून झाला की तोच एआयला देतो आणि म्हणतो, जसंच्या तसं परत लिहून दे. ते लिहून देतं, डॅशबोर्ड म्हणतो एआयनं लिहिलं. घरच्या बाईनं सैपाक करायचा, जावयाचा नुसता हात लावून घ्यायचा आणि गावभर सांगायचं, जावईबापूंनी सैपाक केला. टीममध्ये त्याला जावईबापूच म्हणतात, तुलापण ठाऊक आहे.

आसावरी : मी तुम्हाला असं करायला सांगितलं नव्हतं.

नागनाथ : नव्हतीस. तू म्हणालीस, आकडा हिरवा करा, कसा करताय ते मला सांगू नका. शब्द तुझे आहेत. एआय वापरत नाही म्हणून पँट्रीशेजारच्या टीव्हीवर देवाप्पाचं नाव लाल रंगात लागत होतं. चहा घ्यायला जाणारा प्रत्येक माणूस बघून जायचा. इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस, तो खाली मान घालून चहा घ्यायचा. मग ही युक्ती मी काढलो. होय, मीच काढलो. तुझ्या टीव्हीच्या तोंडावर मारायला काढलो.

आसावरी : मग आता बोंब कशाला मारतोयस? आकडा तुझा, युक्ती तुझी. मी तो वर पाठवला, एवढंच.

नागनाथ : आणि त्यावर बढती घेतलीस.

आसावरी : घेतली! का नको घेऊ? तू घेतली नाहीस म्हणून कुणीच घ्यायची नाही? नागनाथ, तुला इतक्या वर्षांत वर का नेलं नाही माहितीये? तुला प्रत्येक गोष्टीत फक्त खोट काढता येते. मी पुण्याहून आले तेव्हा तू मला शिकवलंस, मान्य. सगळ्यांना सांगतेसुद्धा मी. पण तेव्हापासून तू आहेस तिथंच बसलायस आणि जो पुढे जाईल त्याच्याकडे असा बघतोस, जसं काही त्यानं तुझं ताट ओढलं.

नागनाथ : ओढलीसच की.

आसावरी : बरं, ओढलं. झालं समाधान? आता डेमोचं बोल. कस्तुरीची तयारी चाललीय ना?

नागनाथ : कालपासून बसलीय ती. तिला वाटतंय तिला मोठी संधी मिळालीय. काल जेवायलापण उठली नाही. जी पोरगी डेमो तयार करतीय तिचंच नाव यादीत घालताना हात कसा गं चालला तुझा?

आसावरी : ती सगळ्यात नवीन आहे. नियम तसा आहे. आणि तिला आज काही कळता कामा नये. तू डेमो कर, छान होऊ दे, मी तुझ्या पदाचं बोलते वर.

नागनाथ : मला हाड टाकतीस होय?

आसावरी : हाड म्हण, काही म्हण.

नागनाथ : सरी, ठीक आहे. डेमो मी करतो.

आसावरी : करतोस?

नागनाथ : करतो. पण आधी लिहून ठेवलेलं काही चिकटवणार नाही. सगळ्यांसमोर जावईबापूंना कोरा कागद देतो आणि म्हणतो, करा बघू. खरं काय ते चंद्रकांत सरांना डोळ्यांनी बघू दे. अमेरिकेलापण बघू दे.

आसावरी : वेडा आहेस का? ते फसेल!

नागनाथ : बघ! तूपण मानतीस की ते फसेल म्हणून.

आसावरी : आवाज खाली घे.

नागनाथ : कशाला? मराठी चाललंय की. बाहेर कुणाला कळतंय? तुला आतून ठाऊक आहे की त्याला हे काम येत नाही. होसकोट्याच्या कारखान्यात बायका जास्त आहेत, शिफ्ट रात्री सुटते. रात्रीच्या गाडीत बाई शेवटी एकटी राहता कामा नये. शेवटी पुरुष उतरला पाहिजे, नाहीतर सोबत गार्ड पाहिजे. हे आपल्याला कसं कळलं? एका मुलीच्या वडिलांनी ऑफिसात येऊन टेबल बडवलं तेव्हा कळलं. ते मशीन काय करेल? जवळचा रस्ता बघेल आणि कुठल्यातरी बाईला एकटीला मध्यरात्री फिरवत ठेवेल. मग दाखव चंद्रकांत सरांना तुझा नव्वद टक्क्यांचा आकडा!

आसावरी : आणि मग चौकशी लागेल. इतके महिने आकडा कुठून आला विचारतील. खोटी माहिती दिली म्हणून सहाच्या सहा जाल. अनुभवाचं पत्रसुद्धा मिळणार नाही कुणाला. दुसरीकडे दारात उभं करणार नाहीत. तिघांना वाचवायला सहाजणांना बुडवतोयस तू.

नागनाथ : सात. तू राहिलीस.

आसावरी : मला धमकी देतोयस?

नागनाथ : होय, देतोय. आत्ता जा, चंद्रकांत सरांना सांग, यादी मागं घ्या. काहीतरी कारण सांग, तुला कारणं चांगली सुचतात. नाहीतर मी जावईबापूंना स्टेजवर उघडं पाडतो. बाकीचं काय व्हायचं ते होऊ दे.

आसावरी : नागनाथ, मी हात जोडते.

नागनाथ : जोडू नको. काचेतून दिसतंय सगळं.

(कस्तुरी दार ढकलून आत येते. एका हातात उघडा लॅपटॉप, दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं केळं.)

कस्तुरी : येऊ का, मॅम? बाप्पा, किती भांडून राहिले तुम्ही दोघं! बाहेर देवाप्पा अण्णा मला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारून राहिले, आज महाराष्ट्राचा काही सण आहे का म्हणून. हे केळं पण त्यांनीच हातात कोंबलं. काल मी जेवली नाही नं, तर सकाळपासून मागे लागलेत, स्वल्प खा, थोडं तरी खा.

आसावरी : कस्तुरी, आम्ही जरा बोलतोय. नंतर ये.

कस्तुरी : एकच मिनिट, मॅम. डेमो तयार झाला. एकदम चकाचक.

नागनाथ : बस, कस्तुरी. ऐक. तू जे लिहून ठेवलीस ना, ते सगळं पुसून टाक. आज मी कोऱ्यावरून करणार आहे.

कस्तुरी : मी तं काही लिहिलंच नाही, सर.

नागनाथ : कालपासून काय करतीस मग?

कस्तुरी : काल लिहायलाच बसली होती. पण मला ते रात्रीच्या गाड्यांचं काही जमेच ना. तुम्ही मीटिंगमध्ये, कावेरी सुट्टीवर. विचारू कुणाला? मग आज सकाळी म्हटलं, याला तं रोज आपण आपलंच लिहिलेलं चारून राहिलो. एकदा खरंच विचारून पाहू नं, काय म्हणतं. तं मी त्याला सगळं साधं सांगितलं. कारखाना कुठं, गाड्या किती, कोण कुठं राहतं, रात्री बाई शेवटी एकटी नको.

नागनाथ : आणि?

कस्तुरी : आणि त्यानं केलं.

आसावरी : काय केलं?

कस्तुरी : सगळं, मॅम. कँटीनचा चहा यायच्या आत.

नागनाथ : असं होत नाही. दाखव इकडं.

कस्तुरी : हे पाहा नं. आणि मजा सांगू? मधातच थांबलं ते. मलेच उलटं विचारून राहिलं, गाडीत गार्ड असेल अन् गार्डच वाटेत आधी उतरत असेल तं काय करू? मी म्हटलं, हे तं आपण कधी पाहिलंच नाही!

नागनाथ : पाहिलंय. आपल्या नियमात आहे ते.

कस्तुरी : नाही, सर. मी जाऊन पाहिलं. आपल्या कोडमध्ये गार्ड आहे का, एवढंच पाहतो आपण. तो कुठं उतरतो ते पाहतच नाही.

नागनाथ : थांब. मला वाचू दे... शिफ्ट लांबली तर? दोघीच बायका उरल्या तर?

कस्तुरी : खाली आहे. अजून खाली. तपासायसाठी त्यानं स्वतःच उदाहरणं बनवली, अन् आपली जुनी पण लावून पाहिली मी. सगळी बरोबर आली.

आसावरी : नागनाथ?

नागनाथ : थांब म्हटलं ना.

कस्तुरी : चुकलं का, सर, काही?

नागनाथ : नाही.

कस्तुरी : मग तुमचा चेहरा असा काऊन झाला?

नागनाथ : काही नाही गं. बरोबर आहे. चांगलं आहे.

आसावरी : किती चांगलं?

नागनाथ : आसावरी, आत्ता नको.

आसावरी : नाही, आत्ताच. तू काय म्हणत होतास? कोरा कागद. सगळ्यांसमोर, प्रामाणिकपणे. मला मान्य आहे. अगदी तुझ्या मनासारखं कर.

नागनाथ : डेमो आज नको. पुढं ढकल. मला बरं नाही म्हणून सांग.

आसावरी : आत्तापर्यंत तर ठणठणीत होतास! मला बुडवायला निघाला होतास. आता खरं दाखवायची वेळ आली तर पोटात दुखायला लागलं?

नागनाथ : तुझ्या जिभेला काही हाड?

आसावरी : तू मला शिकवू नकोस. इतके महिने मी समजत होते की मी खोटं झाकतेय. झोप उडाली होती माझी. आणि तुम्हा सहा जणांपैकी एकानंही ते कधी उघडून बघितलं नव्हतं? त्याच्याकडून नुसती नक्कल करून घेत बसलात? तुझ्या अहंकारापायी?

नागनाथ : तू तरी बघितलीस काय? तुला आकडा पाहिजे होता. काम होतंय की नाही, एक दिवस येऊन विचारलीस?

कस्तुरी : सर... मॅम... मी काही चुकीचं केलं का? मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. डेमो काऊन नको?

नागनाथ : कारण डेमो झाला की टीम निम्मी होणार आहे.

आसावरी : नागनाथ!

नागनाथ : गुंडो, मंजुनाथ आणि तू.

कस्तुरी : मी?

नागनाथ : तू.

कस्तुरी : मॅम, खरं आहे का हे?

आसावरी : अजून फायनल नाही.

कस्तुरी : म्हणजे खरं आहे.

आसावरी : कस्तुरी, बस. पाणी घे.

कस्तुरी : नको मला पाणी. तुम्हीच मला परवा म्हटलं नं, मॅम, कस्तुरी, तुझ्यावर भरवसा आहे, डेमो तू तयार कर? तेव्हा माहीत होतं तुम्हाला?

आसावरी : ...हो.

कस्तुरी : आणि सर, तुम्हाला?

नागनाथ : मला आत्ता कळलं. तू यायच्या आधी. त्यावरूनच भांडत होतो.

कस्तुरी : पण भांडून काय राहिले होते? एकानं म्हणायचं डेमो खोटा करू, दुसऱ्यानं म्हणायचं बिघडवू. नाही का? मी आली तेव्हा तुम्ही मला पुसून टाक म्हणाले. सर, मी आल्यापासून तुम्ही मला एकच सांगून राहिले, त्या जावयाच्या नादी लागू नको, आपण हातानं लिहू, तेच खरं. मी ऐकलं तुमचं. बाकीच्या टीममधली माझ्या वयाची पोरं ते शिकून कुठल्या कुठं गेली. मी इथं बसून त्याला आपलंच उष्टं चारत होती.

नागनाथ : मी तुमच्या भल्यासाठीच सांगितलो.

कस्तुरी : असेल. पण मी तं जाऊनच राहिली नं?

आसावरी : कस्तुरी, ऐक माझं. एक करता येईल.

नागनाथ : काय करता येईल?

आसावरी : तू गप्प बस. कस्तुरी, सरळ सांगते. हे टूल नीट वापरता येणारी या टीममध्ये तू एकटी आहेस, हे मला आत्ता कळलं. आज डेमो तू करायचा. स्टेजवर तू उभं राहायचंस. मग मी चंद्रकांत सरांना सांगू शकते की ही मुलगी मला हवीय.

कस्तुरी : म्हणजे मी राहणार?

आसावरी : राहशील.

कस्तुरी : मग टीममध्ये चार?

आसावरी : नाही. तीनच.

कस्तुरी : मग माझ्याऐवजी कोण?

आसावरी : ते तू नको विचारूस.

कस्तुरी : कावेरीला तुम्ही हात लावणार नाही, कारखान्याचे लोक तिच्याशीच बोलतात. म्हणजे सर, नाहीतर देवाप्पा अण्णा.

आसावरी : नागनाथला काढता येणार नाही. जुनं सगळं त्याच्या डोक्यात आहे.

नागनाथ : देवाप्पाला काढतीस? आसावरी, तो माणूस या कंपनीची फरशी बसवताना होता इथं. त्याला दुसरीकडं कोण घेणार? लाज वाटू दे थोडी.

आसावरी : मग तू सांग ना कुणाला काढू! तुझ्याकडे नाव आहे? दे. प्रत्येक नावाला तुझ्याकडे एक गोष्ट तयार असते. वरच्यांना आकडा लागतो, गोष्ट नाही.

कस्तुरी : सर, तुम्ही तुमचं नाव द्याल?

नागनाथ : काय?

कस्तुरी : तुम्ही म्हटलं की मीच जातो, तं मॅम नाही कशाला म्हणतील? देवाप्पा अण्णा पण राहतील, मी पण राहीन. जुनं डोक्यात आहे ते तुम्ही शिकवून जाल. विचारून राहिली मी फक्त.

नागनाथ : कस्तुरी...

कस्तुरी : सांगा नं.

नागनाथ : माझी थोरली यंदा दहावीला आहे.

कस्तुरी : हं.

नागनाथ : तसं नाही गं. जरा विचार करायला वेळ दे. असं एकदम...

कस्तुरी : नाही, नाही, बरोबर आहे तुमचं. सगळ्यांचं काही ना काही असतंच. माझ्या घरी पण आहे. इथं कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

आसावरी : वर लोक जमायला लागलेत. कस्तुरी, मला हो किंवा नाही पाहिजे.

नागनाथ : कस्तुरी, घाई करू नको. आपण सगळे मिळून बसू. गुंडोला बोलावतो, मंजुनाथला बोलावतो. काहीतरी मार्ग काढू.

कस्तुरी : सर, आत्तापर्यंत तुमच्याच मार्गानं चालून राहिलो होतो.

आसावरी : कस्तुरी?

कस्तुरी : हो, मॅम. करते मी डेमो.

नागनाथ : तू काय म्हणालीस ते कळतंय काय तुला?

कस्तुरी : कळतंय. सरका जरा, सर, दार उघडायचंय.

नागनाथ : बाहेर देवाप्पा तुझीच वाट बघत उभा आहे. त्याच्याकडं बघून जाणार आहेस?

कस्तुरी : नाही. खाली बघून जाईन. त्यांना तुम्हीच सांगा, सर. मला कन्नड येत नाही.